डॉक्टरांनी ईसीटी सांगितलीये, आता घरच्यांनी काय विचारायचं आणि काय करायचं

डॉक्टरांनी ‘ईसीटी द्यावी लागेल’ म्हटलं, म्हणजे इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी, लोक ज्याला शॉक म्हणतात ती, आणि आमचे मामा खुर्चीतून उठून सरळ बाहेर निघून गेले. आईच्या आजाराचा तेव्हा तिसरा महिना होता. खाणं जवळजवळ बंद, पाणी चमच्याने पाजायचं तेही अर्धं गळ्याखाली आणि अर्धं उशीवर, आणि बोललीच तर एकच वाक्य, माझी आतडी सडलीत मला जेवायला घालू नका. दोन वेगवेगळ्या गोळ्या पूर्ण डोसमध्ये देऊन झाल्या होत्या, त्याच्याआधी गावात बाहेरचं पण बघून झालं होतं, अंगारा, उतारा, सगळं. आणि आता ईसीटी. माझ्या डोळ्यापुढे जे चित्र आलं ते सिनेमातलंच, हातपाय बांधलेले, तोंडात बोळा आणि किंकाळी.

याला चार वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीतून फोन येतात, ताई तुमच्या आईंना दिली होती ना, आमच्या मुलाला सांगितलीये, आमच्या वहिनीला सांगितलीये, काय करू. प्रत्येकाला तेच सांगत बसते म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही. तुमच्या माणसाला द्यायची की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ठरवायच्या आधी काय समजून घ्यायचं आणि ठरलं तर घरच्यांनी काय काय करायचं हे सांगू शकते, कारण यातलं अर्धं मला कोणी सांगितलंच नव्हतं आणि ते माहीत असतं तर आमचे ते दोन महिने बरेच सोपे गेले असते.

मुळात हे आहे काय

लोक म्हणतात ‘शॉक देतात’, पण शॉक हा इथे औषध नाहीये, औषध आहे ती फिट. माणसाला पूर्ण भूल देऊन, स्नायू सैल पडायचं इंजेक्शन देऊन, डोक्याच्या ठराविक जागी काही सेकंद मोजका करंट देतात आणि त्यामुळे मेंदूत एक फिट येते, साधारण वीस ते साठ सेकंदांची. ही फिट मेंदूत येते, अंगात जवळजवळ दिसतच नाही कारण स्नायू सैल असतात. ती का काम करते याबद्दल डॉक्टरांकडे दोन-तीन उत्तरं आहेत, एक म्हणजे मेंदू ती फिट थांबवण्यासाठी स्वतःची ब्रेक लावायची यंत्रणा जोरात कामाला लावतो आणि प्रत्येक फिटनंतर ती यंत्रणा घट्ट होत जाते, दुसरं म्हणजे पेशींची नवी जोडणी वाढते, रसायनांचा तोल बदलतो. पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. मला सुरुवातीला याचीच भीती वाटली होती की कसं काम करतं हेच माहीत नसेल तर द्यायचं कसं. पण कशाने फरक पडतो, कोणाला पडतो, किती पडतो, हे ऐंशीहून जास्त वर्षं बघितलेलं आहे आणि माझ्यासाठी शेवटी तेच महत्त्वाचं ठरलं.

इतिहास थोडक्यात सांगते कारण भीती तिथूनच आलीये. १९३४ मध्ये बुडापेस्टच्या मेडुना नावाच्या डॉक्टरने कापराचं इंजेक्शन देऊन फिट आणली, कारण फिट येणाऱ्यांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, कमी होतो असं त्याला वाटायचं. ते औषधाने करणं भयंकर त्रासाचं होतं, म्हणून १९३८ मध्ये रोममध्ये सेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेने फिट आणायची पद्धत काढली. पण तेव्हा भूल नव्हती, स्नायू सैल करायचं इंजेक्शन नव्हतं, माणूस जागा असताना द्यायचे आणि अंगाला इतके जोरात हिसके बसायचे की पाठीच्या मणक्याला फ्रॅक्चर व्हायचं. १९५० च्या दशकात सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं इंजेक्शन आलं आणि चित्र बदललं, पण सिनेमातलं चित्र तिथेच राहिलं. आणि खरं सांगायचं तर आपल्या देशात बिनभुलीची, जिला डायरेक्ट म्हणतात, ती नंतरही बरीच वर्षं दिली जात होती. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या, आई-वडिलांच्या पिढीने जे ऐकलंय ते खोटं नाहीये. मामांनी पण गावातल्या एका माणसाबद्दल तेच ऐकलं होतं. त्यांना वेड्यात काढण्यात अर्थ नव्हता, काय बदललंय तेवढं सांगायचं होतं.

आता कायद्याने डायरेक्ट ईसीटी बंद आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो मे २०१८ पासून लागू झाला, त्याच्या कलम ९५ मध्ये स्वच्छ लिहिलंय की भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येणार नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा. कुठे कोणी म्हणालं की भूलतज्ज्ञ आज नाहीत, तसंच करून टाकू, तर तिथून उठायचं.

कोणाला सांगतात

आमच्या आईसारखं, म्हणजे खूप खोल डिप्रेशन आणि सोबत भ्रम, खाणंपिणं बंद, तिथे ईसीटी सगळ्यात जास्त उपयोगी पडते. दुसरं म्हणजे कॅटाटोनिया, माणूस पुतळ्यासारखा एका जागी बसतो, बोलत नाही, हात वर केला तर वरच राहतो. त्यात आधी लोराझेपाम हे शांत करणारं औषध देऊन बघतात आणि त्याने सुटलं नाही किंवा जिवावर बेतायला लागलं की ईसीटी. तिसरं म्हणजे जीव द्यायचे विचार इतके तीव्र की गोळ्या लागू पडायला लागणारे चार-सहा आठवडे थांबायची सोयच नाही. याशिवाय बायपोलर, म्हणजे कधी डिप्रेशन कधी उन्माद असा आजार, त्यातला न आवरणारा उन्माद, बाळंतपणानंतरचा गंभीर मानसिक आजार, आणि आपल्याकडे स्किझोफ्रेनियातही देतात, विशेषतः औषधांनी फरक पडत नसेल तर. गरोदर बाईला आणि सत्तर-पंच्याहत्तरीच्या माणसाला पण देता येते, उलट वयस्कर लोकांना डिप्रेशनमध्ये चांगली लागू पडते.

कशात देत नाहीत किंवा फार जपून देतात तेही विचारा. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय, नुकताच पक्षाघात झालाय, मेंदूत गाठ आहे आणि दाब वाढलाय, मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली आहे, असं काही असेल तर न लपवता सांगायचं. आमच्याकडे एक काकू आहेत त्यांनी बीपीच्या गोळ्या आपणहून बंद केलेल्या सांगितल्याच नाहीत, आणि पहिल्या दिवशी बीपी बघून सगळं रद्द करावं लागलं.

आणि साधी चिंता, टेन्शन, नवरा-बायकोची भांडणं, दारू, ‘मुलगा ऐकत नाही’, असल्या गोष्टींसाठी ईसीटी नसते. तिचा वापर माणसाला गप्प करायला किंवा वठणीवर आणायला होता कामा नये. असा वापर झालेला आहे म्हणूनच पुण्याच्या बापू ट्रस्टसारख्या संस्थांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला. मी ईसीटीच्या बाजूची असले तरी ते म्हणणं मला कान देऊन ऐकावंसं वाटतं.

सही करायच्या आधी

आम्हाला पहिल्या ठिकाणी, नाव घेत नाही, कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या एक इंग्रजी फॉर्म हातात दिला आणि इथे सही करा म्हणाले. दोन मिनिटं. मी विचारलं यात काय लिहिलंय तर सिस्टर म्हणाल्या नेहमीचंच आहे. मी सही केली नाही आणि दुसऱ्या दिवशी आईला पुण्याला हलवलं, तिथल्या डॉक्टरांनी पाऊण तास बसवून सांगितलं, आईलाही सांगितलं, तिला किती कळत होतं देव जाणे पण तिच्याकडे बघून, तिला अहो-जाहो करून सांगितलं. तुम्हालाही असं बसवून सांगणारे डॉक्टर शोधा. कागद मराठीत मागा, नसेल तर वाचून समजावून सांगायला लावा.

सही कोणाची हा मोठा प्रश्न. कायदा असा आहे की प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःच्या उपचाराचं ठरवता येतं असंच धरून चालायचं, मानसिक आजार आहे म्हणून तो हक्क आपोआप जात नाही. माहिती समजतेय, हो म्हटलं तर काय आणि नाही म्हटलं तर काय हे कळतंय, आणि बोलून किंवा खुणेने सांगता येतंय, तर निर्णय त्याचाच आणि तो नाही म्हणाला तर नाही. ते शक्य नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आधी लिहून दिलेला माणूस, आणि तसं कोणाचं नाव दिलेलं नसेल तर जवळचा नातेवाईक. आईच्या बाबतीत ती मी झाले. पण अशा वेळी डॉक्टरांना दर सात दिवसांनी तपासावं लागतं की आता हिला स्वतःला ठरवता येतंय का. आईची चौथी ईसीटी झाल्यावर डॉक्टरांनी तिला परत विचारलं, तिने डोकं हलवलं, आणि पाचवीपासून सही तिची. ती वाकडीतिकडी सही मी फोटो काढून ठेवलीये.

अजून दोन गोष्टी कायद्यातल्या. इमर्जन्सी उपचार म्हणून, म्हणजे कागदपत्रं नंतर करू आधी ईसीटी देऊ, असं करता येत नाही. आणि अठराच्या आतल्या मुलांना मनाईच आहे, अगदी गरज असेल तर पालकांची संमती आणि वर मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाची, म्हणजे याच कायद्याखालच्या मंडळाची, आधी परवानगी लागते, नुसती पालकांची सही पुरत नाही. आणि हो म्हटल्यावरही मध्येच कधीही नको म्हणता येतं, सही केली म्हणजे अडकलो असं नाही.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून न्या, समोर गेल्यावर सुचत नाहीत. माझी यादी अशी होती. ईसीटीच का आणि आत्ताच का, दुसरा काय पर्याय आहे आणि थांबलो तर काय होईल. आठवड्यातून किती वेळा, दोनदा की तीनदा, कारण तीनदा दिली तर फरक लवकर दिसतो पण विसरायला जास्त होतं, दोनदा दिली तर थोडं सावकाश पण शेवटचा फायदा जवळपास तेवढाच. दोन्ही बाजूंना देणार की फक्त उजव्या बाजूला, कारण उजव्या बाजूच्या पद्धतीत आठवणींना कमी धक्का बसतो, मात्र तिथे करंटचा डोस त्या माणसाला फिट येण्यासाठी लागणाऱ्या कमीत कमी डोसच्या पाच-सहा पट ठेवावा लागतो नाहीतर उपयोग होत नाही. भूलतज्ज्ञ प्रत्येक वेळी हजर असतात का. फिटच्या वेळी मेंदूचा आलेख बघतात का. साधारण किती ईसीटी लागतील, बहुतेकांना सहा ते बारा लागतात, आणि किती झाल्यावर फरक नसेल तर तुम्ही परत विचार कराल. शेवटचा प्रश्न नक्की विचारा, त्याचं उत्तर देताना डॉक्टर कसे आहेत ते कळतं.

धोक्याचंही विचारायचं. जिवाचा धोका अगदी कमी आहे, जगभरातले आकडे एकत्र केले तर साधारण एक लाख ईसीटींमागे दोन मृत्यू. छोट्याशा ऑपरेशनच्या भुलीइतकाच धरा.

खर्च प्रत्येक ठिकाणी वेगळा. सरकारी ठिकाणी, म्हणजे मोठ्या मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलांत, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत, गोव्यात बांबोळीला, बराच कमी पडतो, तिथे ईसीटीची काय सोय आहे ते फोन करून आधी विचारून घ्या. खाजगीत विचारताना नुसता ईसीटीचा रेट विचारू नका, भूलतज्ज्ञांची फी, औषधं, रूम धरून एका वेळेचे किती ते विचारा आणि त्याला दहाने गुणा. मेडिक्लेम असेल तर मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच कव्हर करायचा असं याच कायद्यात आहे, पण सकाळी येऊन दुपारी घरी जाणार असाल तर डेकेअरमध्ये बसतं का हे आधी लेखी विचारून घ्या.

पहिल्या ईसीटीच्या आधीचे दिवस

रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कधी डोळ्यांचा पडदा बघतात, कधी मेंदूचा स्कॅन, आणि भूलतज्ज्ञांकडून फिटनेस. दात हलतायत का, कवळी आहे का हे सांगायचं कारण फिटच्या वेळी जबडा घट्ट मिटतो, त्यासाठी तोंडात रबराचा मऊ तुकडा ठेवतात. (सिनेमातला बोळा म्हणजे हाच, जीभ आणि दात वाचवायला असतो.) आधी कधी भूल घेतल्यावर त्रास झालेला असेल, आई-वडिलांपैकी कोणाला झाला असेल, तर नक्की सांगा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. फिटच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांनी ईसीटीची फिटच नीट येत नाही म्हणून त्या कमी करतात किंवा थांबवतात, लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवायचं औषध, चालू असेल तर त्याचं पण बघतात. हे सगळं डॉक्टरांनी ठरवायचं, स्वतः गोळी बंद करायची नाही.

आता जे मला कोणी सांगितलं नाही ते. पहिली ईसीटी व्हायच्या आधी एक वही करा. त्यात बँकेचं कुठे काय आहे, एटीएमचा पिन, फोनचा पासवर्ड, गॅसचा नंबर लागला का, भिशी कोणाकडे किती, कोणाकडून किती येणं आहे, दागिने कुठे ठेवलेत, हे सगळं त्या माणसाकडून काढता येईल तेवढं काढून लिहून ठेवा आणि वही विश्वासाच्या माणसाकडे कुलपात. आमच्या आईने आजीच्या पाटल्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या, नंतर तिला आठवेना, आणि तीन महिने आम्ही चोरी झाली समजून कामवाल्या मावशींवर संशय घेत होतो. त्या बाईंची मी नंतर घरी जाऊन माफी मागितली पण मनातून ते जात नाही.

त्याच वहीत दुसऱ्या बाजूने रोजची नोंद सुरू करा. आज काय खाल्लं, किती झोप झाली, काय बोलली, कोण भेटायला आलं. रोज चार ओळी. याचे दोन उपयोग, डॉक्टरांना फरक नेमका सांगता येतो, आणि नंतर त्या माणसाला हे आठवडे परत मिळतात.

आदल्या रात्री आणि सकाळी

आदल्या दिवशी डोकं शाम्पूने धुवून केस कोरडे करायचे आणि तेल अजिबात लावायचं नाही. आपल्याकडे आजारी माणसाच्या डोक्याला प्रेमाने तेल थापतात, आमच्या आत्याने तेच केलं आणि पहिल्या दिवशी सिस्टरना अर्धा तास स्पिरिटने पुसत बसावं लागलं, तेल असलं की इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. नखांना नेलपॉलिश नको, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. मंगळसूत्र, कानातलं, नथ, पिना, क्लिपा सगळं काढून घरी ठेवायचं. आईने मंगळसूत्र काढायला नकार दिला, बाबा जाऊन सहा वर्षं झाली तरी घालायची ती. सिस्टरनी ते तिच्या समोर माझ्या गळ्यात घातलं आणि म्हणाल्या तुम्ही उठलात की परत घ्या. अशी माणसं भेटतात.

रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, कमीत कमी सहा ते आठ तास पोट रिकामं हवं, पाणी कधीपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतील. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, पोटात काही असेल आणि भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. सकाळचा चहा म्हणजे चहाच, ‘घोटभर काय होतंय’ असं म्हणून देऊ नका, आणि दिला गेला असेल तर ओरडा बसेल म्हणून लपवू नका. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर सकाळीच घ्यायला सांगतात, शुगरची मात्र बहुतेक वेळा नाही, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. सैल कपडे, समोर बटणं असलेला गाऊन बरा. आत जायच्या आधी लघवीला नेऊन आणायचं.

आत काय होतं. सलाईनची सुई लावतात, ईसीजी, बीपी, ऑक्सिजन लावतात, भुलीचं इंजेक्शन, माणूस अर्ध्या मिनिटात झोपतो. मग स्नायू सैल करायचं इंजेक्शन. त्याच्या आधी एका पायाच्या घोट्याच्या वर बीपीचा पट्टा घट्ट फुगवतात म्हणजे ते औषध त्या पंजात उतरत नाही, आणि फिट आली की तेवढा पंजा हलताना डॉक्टरांना दिसतो. बाकी अंग शांत. मास्कने ऑक्सिजन देतात, करंट जास्तीत जास्त आठ सेकंद, फिट संपली की श्वास परत स्वतःचा चालू होईपर्यंत मास्क. पाच-दहा मिनिटांत डोळे उघडतात. मी बाहेरच्या बाकावर जप करत बसले होते आणि माझी एकशेआठची माळ पूर्ण व्हायच्या आत दार उघडून सांगितलं झालं.

उठल्यावर माणूस गोंधळलेला असतो. कुठे आहे, कोणता वार, कधी कधी तुम्ही कोण हे पण कळत नाही, कोणी रडतं, कोणी हात झटकतं. घाबरू नका आणि प्रश्नांचा भडिमार करू नका, ‘मला ओळखलंस का, मी कोण सांग’ ही परीक्षा घेऊ नका. शांतपणे एकच वाक्य, आई मी आहे, आपण दवाखान्यात आहोत, झालं सगळं. दहा वेळा विचारलं तर दहा वेळा तेच. अर्धा-एक तासात निवळतं. नीट जागी झाली, गिळता येतंय असं सिस्टरनी सांगितल्यावरच पाणी, मग चहा-बिस्कीट. डोकं दुखतं, जबडा दुखतो, कधी अंग ठणकतं, विशेषतः पहिल्या वेळेनंतर, साध्या गोळीने थांबतं. त्या दिवशी एकटं सोडायचं नाही, गॅस नाही, गाडी नाही, आणि कोर्स संपून डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी आणि सह्या दोन्ही बंद. जमिनीचे कागद, बँकेचे कागद कोणी पुढे करत असेल तर त्याला हाकलून द्या, अशा वेळेचा फायदा घेणारे नातेवाईक असतात.

फरक कधी दिसतो

आमच्याकडे तिसऱ्या ईसीटीनंतर दुपारी आईने आपणहून पाणी मागितलं. एवढंच. पाचवीनंतर तिने विचारलं कुकर लावलास का. आतडी सडल्याचं वाक्य सातव्या ईसीटीनंतर मी ऐकलं नाही. आठ लागल्या एकूण. सगळ्यांचं असं होत नाही, काहींना फरक फार उशिरा कळतो, काहींना पडतच नाही. साधारणपणे गंभीर डिप्रेशनमध्ये दहातल्या सहा ते आठ जणांना चांगला फरक पडतो, भ्रम असतील तर त्याहून जास्त जणांना.

मधल्या काळात एक धोका असतो तो डॉक्टरांनी मला वेगळं बसवून सांगितला. अंगात ताकद आधी येते आणि मन नंतर सुधारतं. जो माणूस जीव द्यायचं म्हणत होता पण उठूही शकत नव्हता तो आता उठू शकतो. म्हणून बरं दिसायला लागल्यावरचे दोन आठवडे डोळ्यात तेल घालून. फिनेल, उंदराचं औषध, शेतातली फवारणीची औषधं, गोळ्यांचा साठा, ओढण्या-दोऱ्या, सगळं बाजूला. आणि उलट अचानक खूप बडबड, झोप नाही, पैसे उधळायचं बोलणं सुरू झालं तर तेही लगेच कळवायचं, बायपोलर असेल तर उन्मादाकडे झुकू शकतं. रात्री-अपरात्री डॉक्टर मिळाले नाहीत तर टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

आठवणींचं

यावर लोक एकतर ‘काही होत नाही’ म्हणतात नाहीतर ‘मेंदू कोरा होतो’ म्हणतात, दोन्ही बरोबर नाही. कोर्स चालू असताना नवीन गोष्ट लक्षात राहत नाही, सकाळी कोण आलं ते संध्याकाळी आठवत नाही, हे कोर्स संपल्यावर काही आठवड्यांत सुधारतं. जुन्या आठवणींत ईसीटीच्या आसपासचे आठवडे-महिने पुसट होतात, त्यातलं काही परत येतं आणि काही येत नाही. काही थोड्या लोकांच्या त्याहून जुन्या आठवणीही जातात आणि त्यांच्यासाठी ते मोठं नुकसान असतं, त्यांना ‘तुझा आजारच तसा होता’ म्हणून उडवून लावायचं नसतं. लहानपण, माणसं, भाषा, स्वयंपाक, शिवण, पोथी, हे सहसा जात नाही. सुरू करायच्या आधी आणि मध्ये मध्ये स्मरणशक्तीची छोटी चाचणी करायला सांगा, विसरणं फार वाढलं तर दोन ईसीटींतलं अंतर वाढवता येतं, बाजू बदलता येते.

आईच्या माझ्या भाचीच्या बारशाच्या आठवणी गेल्या. पहिली नात घरात आली, हिने तिला मांडीवर घेतलं, आणि तिला काही आठवत नाही. ती एकदा फोटो बघत मला म्हणाली, ही बाई खुश दिसते गं. मला फार लागलं ते. मग मी वही काढून तिला वाचून दाखवली, त्या दिवशी तू पिवळी साडी नेसली होतीस, नाव ठेवताना तूच कानात सांगितलंस. ती ऐकत राहिली. हे आम्ही आठवड्यातून एकदा करायचो, रविवारी दुपारी, ती मागेल तेवढंच. आठवतंय का असं मी विचारत नव्हते, नुसतं सांगत होते.

कोर्स संपला म्हणजे संपलं का

नाही, आणि इथेच बरेच जण चुकतात. ईसीटीने आजार उतरतो, पण तो उतरलेला राहायला पुढे औषध लागतंच. २००१ मधला एक मोठा अमेरिकन अभ्यास आहे, ईसीटीने बऱ्या झालेल्यांपैकी ज्यांना नंतर खरं औषध दिलंच नाही त्यांच्यातले ८४ टक्के सहा महिन्यांत परत आजारी पडले, आणि ज्यांना नॉरट्रिप्टिलीन ही डिप्रेशनची गोळी आणि लिथियम दोन्ही दिलं त्यांच्यात ३९ टक्के. म्हणजे औषध घेऊनही परत येऊ शकतो, पण न घेता जवळजवळ येतोच. बरी झाली आता गोळ्या कशाला, हे वाक्य आमच्याकडे मामांनीच म्हटलं, तेच मामा जे बाहेर निघून गेले होते. काहींना औषधासोबत आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने एक अशी ईसीटी चालू ठेवतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आई बरी असताना आम्ही अजून एक काम करून घेतलं, पुढे परत अशी वेळ आली तर काय उपचार चालतील, काय नको, आणि निर्णय कोणी घ्यायचा हे तिने स्वतः लिहून दिलं, कायद्यात त्याची सोय आहे. तिने लिहिलं ईसीटी चालेल, पण केसांना तेल लावू नये हे आत्याला आधी सांगावं.

आजार परत यायची पहिली खूण प्रत्येकाची वेगळी असते. आईची खूण म्हणजे ती सकाळी तुळशीला पाणी घालायचं विसरत नाही पण घालून झाल्यावर तिथे उभी राहत नाही, लगेच आत येते. मागच्या पावसाळ्यात असं लागोपाठ चार दिवस झालं, आम्ही थांबलो नाही, डॉक्टरांकडे गेलो, गोळीचा डोस वाढवला, तेवढ्यावर भागलं. तुमच्या माणसाची खूण काय आहे ते आत्ता, सगळं ताजं असताना, घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याच्याखाली डॉक्टरांचा नंबर.